दोकसूकाकांची मान

आमच्या कोरियन वस्तीत, ऑलिंपिक बुलेव्हार्डवर असं बोलतात की बूट शिवणारे दोकसूकाका चाळीस सिनेमांत मेले आहेत. साफ खोटं. मेले तीनदाच, त्यातही एकदा अंगावर पोतं होतं. बाकी बावीस वर्षं लॉस एंजेलिसच्या कॅमेऱ्यांनी टिपली ती त्यांची मान. कोरियन बाजार असो, चिनी लग्न असो की जपानी जहाज, गर्दीत काका हवेतच, आणि "जरा पाठमोरे उभे राहा" हेही ठरलेलंच.

तिकडे कोरियात, कुनसानला, त्यांची एक्क्याण्णव वर्षांची आई एकूण एक भाग बघते आणि फोनवर विचारते, "यात तू कुठला रे?"

"डावीकडचा कान माझा, आई."

हे मी दोन्ही आवाजांत करून दाखवते. अख्खं दुकान हसतं. काकाही हसतात, जरा उशिरा.

मार्चमध्ये एका मालिकेत कोरियन आजोबांच्या वाढदिवसाची पंगत होती. मी चौथी नात, काका आजोबांचे धाकटे भाऊ. पहिल्यांदाच कॅमेरा थेट काकांच्या तोंडावर येणार होता. आजोबा पेला भरणार आणि काकांनी तो समोर बघत रिकामा करायचा, एवढंच काम. सोजू या आमच्या दारूच्या जागी पाणी. काकांनी आदल्या दिवशी केस कापून आईला कळवलंसुद्धा, "या खेपेला तोंड दिसेल."

आजोबा झालेले क्वोनसाहेब खरेच ब्याऐंशीचे. त्यांनी पेला भरला, काकांनी दोन्ही हातांनी घेतला आणि मान वळवून, भिंतीकडे तोंड करून प्यायला. वडीलधाऱ्यांसमोर आम्ही तसेच पितो, मान आपोआप वळते. दुसऱ्या टेकलाही भिंतच.

दिग्दर्शक डोकं खाजवत आला. याची नक्कलही मला फार छान जमते. "सर, असं तुम्ही रुसल्यासारखे दिसता. समोर बघा, नाहीतर मी कॅमेरा मागे नेतो."

तो गेल्यावर मी कुजबुजले, "काका, पाणीच तर आहे. आणि ते खोटे आजोबा आहेत."

"वय खोटं आहे का त्यांचं?"

"आता तुम्ही समोरच बघणार. पैज."

"हरलीस तर भाग लागेल त्या दिवसापासून महिनाभर माझी नक्कल बंद."

"आणि जिंकले तर?"

"दुकानाच्या दारात बसून कर."

ज्याच्या हातात निकाल त्याच्याशीच पैज लावणारी मी शहाणी. पण बावीस वर्षांनी आलेला चेहरा कोण घालवेल, असं मला वाटलं.

तिसरा टेक. काकांनी पेला घेतला, कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं, एखाद्या गिऱ्हाइकाच्या बुटाकडे बघावं तसं. मग सावकाश भिंतीकडे वळले. आधी दोनदा सवयीने वळले होते, या वेळी ठरवून. क्वोनसाहेबांनी, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांचा पेला पुन्हा भरला. कॅमेरा मागे गेला.

काल भाग लागला. चार सेकंद मान, एक कान. दुकानात फोन वाजला, काकांनी स्पीकरवर घेतला.

"भिंतीकडे वळला तो तू," आई म्हणाली. "बापासमोर असाच वळायचास."

कुठला रे, हे तिने विचारलंच नाही. काकांनी फोन ठेवला आणि बराच वेळ एकाच टाचेवर हातोडी मारत राहिले.

म्हातारीचा तो आवाज माझ्या घशाशी येऊन बसलाय. अजून एकोणतीस दिवस.