तिफणीतून पडणारा दाणा

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. गाढवपणा माझाच आहे, आणि चांगला तीन महिने चाललेला आहे.

वाशिमच्या एका लहानशा संग्रहालयात मी राखणदार आहे. पेरणीची माझी जुनी तिफण मीच त्यांना देऊन टाकली. पेरणी आता ट्रॅक्टरनं होते, घरी तिला वाळवी लागत होती. पण पोराला विचारलं नाही. मी बैल हाकायचो आणि तो मागून चालत तिफणीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीनं ज्वारी सोडायचा. पुण्याहून त्याचा फोन आला, "मले इचारलं काहून नाही?" मी म्हणालो, "तुले कायले इचारू? तू येतं का पेराले?" झालं, तेव्हापासून अबोला.

पुढे शहरातली एक कलाकार पोरगी आली. तिनं तिफणीला मोटर लावली, इंटरनेट जोडलं. जगात कुठंही कोणी तिफणीचं पान मोबाईलवर उघडलं की चाड्यातून ज्वारीचा एक दाणा खालच्या परातीत पडणार. टिक. मी लगेच ते पान माझ्या मोबाईलवर उघडलं आणि लिंक पोराला पाठवली. सोबत एक शब्द लिहिला नाही. बापाचा ताठा, दुसरं काय?

दुसऱ्या दिवसापासून दाणे पडायला लागले. आणि गंमत ऐका. पोराचा फोन आला का हे पाहायला मी मोबाईल काढावा, आणि नेमका तेव्हाच दाणा पडावा. मी इकडे आठवण काढतो, तो तिकडे काढतो. रक्ताचं नातं म्हणतात ते हेच, नाही का?

मग मी सुटलोच. शाळेची सहल आली की सांगायचो, "हा दाणा माह्या पोरानं टाकला, पुण्याहून." शेलूबाजारच्या साडूला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "फोन करून बोल ना त्याच्याशी."

"कायले? दिवसातून चाळीस खेपा तोच बोलून राह्यला न."

पडलेले दाणे डब्यात भरून ठेवले. फोन मात्र केला नाही.

परवा ती पोरगी मोटर तपासायला आली. लॅपटॉप उघडून बसली आणि माझ्याकडेच बघायला लागली. "काका, जवळजवळ सगळे दाणे एकाच मोबाईलवरून पडलेत."

"माह्या पोराचा आहे तो."

"तो मोबाईल याच खोलीत आहे, काका." तिनं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. "तुमचं पान उघडंच राहिलंय. तुम्ही मोबाईल चालू केला की ते नव्यानं उघडतं." ती ते बंद करायला निघाली. मी म्हणालो, "राहू दे."

तीन महिने मी स्वतःलाच हाक मारत होतो आणि ओसुद्धा मीच देत होतो. फार वाईट वाटलं. शेवटी धीर करून पोराला फोन लावला.

"तिफण पाह्यली का रे?"

"कोणती तिफण?"

"लिंक धाडली होती."

"ते उघडलीच नाही, बाबा. लिंक कोणाचीबी असो, उघडू नको, फसवतात, असं तुमीच त सांगतलं होतं." मग म्हणाला, "कामावर आहो. ठेवतो."

मोबाईल खिशात टाकला. त्याचा परत फोन येतो का म्हणून थोड्या वेळानं पुन्हा काढून पाहिला.

टिक.