मागच्या खुर्च्यांसाठी सांगते

पुण्याच्या प्रेक्षकाला न घाबरणारं एकच माणूस मी आयुष्यात पाहिलं, ते म्हणजे माझी धाकटी आत्या. उंची बेताची, अंगावर कायम इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी पहिल्या दहा रांगांना पत्ता लागू नये. एकटीच्या जिवावर ती दोन तासांचा विनोदी कार्यक्रम करायची. गणपतीत, नवरात्रात, महिला मंडळात, सोसायटीची वार्षिक सभा संपून जेवणाची पानं मांडली जाईपर्यंतच्या त्या अवघड वेळेत, कुठेही ती उभी राही. मी बँकेतली नोकरी सांभाळून तिच्याबरोबर पेटी वाजवायचो. पेटीला तसं काम नव्हतं. दोन किश्शांच्या मध्ये थोडे सूर सोडायचे आणि एरवी चेहरा हसरा ठेवायचा. तेवढंही मला जमत नसे, कारण प्रेक्षकांतून कुणी काही बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

आणि बोलायचे तर पुष्कळजण. आमच्याकडचा प्रेक्षक शिट्ट्या मारत नाही, आरडाओरडा करत नाही. तो शांतपणे एकच वाक्य बोलतो, आणि ते बरोब्बर कलाकार श्वास घ्यायला थांबलेला असताना बोलतो. बाकीचे कलाकार अशा वेळी ऐकू न आल्याचं सोंग आणतात, नाहीतर उलटा टोला हाणून त्या माणसाला खाली बसवतात. आत्या यातलं काहीच करत नसे. ती थांबे, पदर सारखा करी, माईक जवळ ओढी आणि म्हणे, "मागच्या खुर्च्यांसाठी सांगते." कसबा पेठेतल्या एका मंडळात दुसऱ्या रांगेतून आवाज आला होता, "अहो, हे विनोद आम्ही लग्नाआधी ऐकलेत." आत्याने माईकवरून जाहीर केलं, "मागच्या खुर्च्यांसाठी सांगते. दुसऱ्या रांगेतले तपकिरी स्वेटरवाले गृहस्थ म्हणताहेत, हे विनोद आम्ही लग्नाआधी ऐकलेत." बोलताना तिने असा काही ठहराव घेतला की मूळ वाक्यापेक्षा ते दुप्पट विनोदी झालं आणि मांडव हसून हसून लोळला. वर ती नम्रपणे विचारती झाली, "आणखी काही म्हणायचंय आपल्याला?" गृहस्थांच्या शेजारी बसलेल्या पत्नीने मान वळवून त्यांच्याकडे जे पाहिलं, ते पाहता पुढचं सगळं घरी गेल्यावर होणार होतं.

या प्रकाराचे तिचे कडक नियम होते. बोलणाऱ्याचा एक शब्द बदलायचा नाही आणि आपल्या पदरचा एकही शब्द त्यात घालायचा नाही. मार्केट यार्डातल्या गणपतीपुढे कांद्याच्या गाळ्यावरचा एकजण मागून ओरडला, "ताई, माल जुना हाय, भाव उतरवा." आत्याने ते 'हाय'सकट जसंच्या तसं माईकवर म्हटलं. एवढंच नाही, तर पुढच्या वर्षी ते वाक्य तिच्या कार्यक्रमातच आलं, आणि तेही "हे माझं नाही बरं का, मार्केट यार्डातल्या एका गृहस्थांचं आहे," असं सांगून. तो गडी आपलं वाक्य ऐकायला अख्ख्या गाळ्याला घेऊन आला होता आणि वाक्य आल्यावर उभा राहून त्याने चारी दिशांना नमस्कार केला. असं करत करत तिचा निम्मा कार्यक्रम तिला नावं ठेवणाऱ्यांनीच लिहिलेला होता. मी एकदा चिडून म्हटलं, "आत्या, तू या लोकांना डोक्यावर बसवतेस." ती म्हणाली, "अरे, तो ऐकत होता म्हणून बोलला. तुझं लक्ष तरी असतं का माझ्याकडे?"

यावरून कुणी असं समजू नये की तिला काही लागत नव्हतं. चांगलं लागायचं. फक्त ते बाहेर यायचं ते लसणावाटे. कुणी वर्मी बोललं की घरी आल्यावर ती ताटभर लसूण घेऊन सोलायला बसे आणि तो संपेपर्यंत कुणाशी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी आम्हा नातेवाइकांकडे लसणाच्या चटणीचे डबे पोहोचत, आणि डब्याच्या आकारावरून कार्यक्रम कसा झाला ते आम्हाला कळे. एका वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने लिहिलं होतं, "बाईंकडे आवाज आहे, पाठांतर आहे, फक्त विनोद आणायला त्या विसरल्या." त्या आठवड्यात बिबवेवाडीतल्या तिच्या सबंध इमारतीने लसणाची चटणी खाल्ली. पण पुढच्या कार्यक्रमात निवेदक तिची ओळख करून द्यायला उभा राहिला तेव्हा तिने त्याच्या हातात तेच कात्रण दिलं आणि सांगितलं, "हे वाचा. बाकी काही बोलू नका." ती ओळख पुढे कायमची झाली. काही वर्षांनी तो समीक्षक तिला भेटून म्हणाला म्हणे, "बाई, आता पुरे करा. लोक मला तुमचा प्रचारक समजायला लागलेत."

पण तिच्या सगळ्या टीकाकारांचा मुकुटमणी तिच्या घरातच होता. तो म्हणजे तिचा नवरा, आमचे आतोबा. भोसरीच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि आतोबा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले, तेव्हापासून ते तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला येत. जिथे तिकीट असे तिथे रांगेत उभे राहून स्वतःचं तिकीट काढत. "फुकट पासवर बसलेल्याला बोलायचा अधिकार नसतो," हे त्यांचं म्हणणं. बसायचे शेवटच्या रांगेत, आणि आपण हिचे कोण ते कुणाला सांगायचे नाहीत. कार्यक्रमात आत्याचं एक वाक्य होतं, "आमच्या ह्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही माझं कौतुक केलं नाही." एका प्रयोगात ते वाक्य संपतं न संपतं तोच शेवटच्या रांगेतून कोरडा आवाज आला, "संधी मिळाली नाही." आत्याने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "पुढच्या खुर्च्यांसाठी सांगते. शेवटच्या रांगेतले चष्मेवाले गृहस्थ म्हणताहेत, संधी मिळाली नाही." इतका मोठा हशा तिला त्याआधी कधी मिळाला नव्हता. तेव्हापासून दर प्रयोगाला आतोबा तिथेच, तेवढंच बोलत. आणि घरी आल्यावर ती त्यांना सुनवायची, "आज घाई केलीत. वाक्य खाली पडू द्यायचं असतं."

मग आतोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू हळूहळू सुधारली, पण जीभ जड झाली ती झालीच. डॉक्टर म्हणाले, बोलत राहिले तर येईल बोलणं, नाही बोलले तर नाही येणार. आतोबा नाही बोलले. जन्मभर नेमकं आणि पूर्ण वाक्य बोललेला माणूस तो. तोंडातून अर्धामुर्धा शब्द काढणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे. आत्या म्हणायची, "बोट काय म्हणतंय मला कळत नाही," आणि ते अळणी जेवून उठायचे. त्या महिन्यांत घराला लसणाचा असा वास होता की जिन्यातच कळावं. प्रयोग तिने चालू ठेवले, कौतुकाचं वाक्य मात्र गाळलं.

अशात हिंजवडीतल्या एका संगणक कंपनीच्या वार्षिक समारंभाचं बोलावणं आलं. आत्याने आतोबांना चाकाच्या खुर्चीत घालून, हातात काठी देऊन बरोबर नेलं आणि शेवटच्या रांगेशी बसवलं. तिथली व्यवस्था पाहणारी तरुण मुलगी कौतुकाने म्हणाली, "मॅम, डोन्ट वरी, आमचं क्राउड खूप सपोर्टिव्ह आहे. कुणी काही बोलणार नाही." आत्याचा चेहराच उतरला. आणि खरंच, ती मुलं कशालाही सारख्याच टाळ्या वाजवत होती, चांगल्या किश्शाला आणि पडलेल्या किश्शालाही. एवढा गारठलेला कार्यक्रम मी तिचा पाहिला नव्हता. शेवटाकडे येताना ती थांबली, मागे पाहिलं, आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही माझं कौतुक केलं नाही."

मागे आतोबांची काठी फरशीवर आपटल्याचा एक आवाज. आतोबांचं वाक्य तिला पाठ होतं, मला पाठ होतं. ती सहज म्हणून टाकू शकली असती आणि सगळं निभावून गेलं असतं. पण प्रेक्षकाच्या तोंडात शब्द घालायचा नाही हा तिचा नियम. ती माईकवर म्हणाली, "शेवटच्या रांगेतले चष्मेवाले गृहस्थ काही म्हणाले, मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणता का?" आणि थांबली. लोक वळून बघायला लागले. मला त्या क्षणी तिचा राग आला, आतोबांची दया आली, पडदा पाडावा असं वाटलं. आत्या हलली नाही. आणि मग मागून, दगड सरकावा तसा, आवाज आला, "सं... धी." दम घेऊन पुन्हा, "मि... नाही."

"पुढच्या खुर्च्यांसाठी सांगते," आत्या म्हणाली. तिने पुरा ठहराव घेतला. "गृहस्थ म्हणताहेत, संधी, मि, नाही." तिने एकही अक्षर दुरुस्त केलं नाही. आधी कुणाला काही समजलं नाही, मग हेच ते 'आमचे हे' असं समजलं, आणि ती सपोर्टिव्ह मुलं पहिल्यांदाच मनापासून हसली. आतोबाही हसले, अर्ध्या तोंडाने. परतीच्या गाडीत आत्या एवढंच म्हणाली, "आज फार उशीर केलात." त्यावर आतोबा म्हणाले, "बरं." महिन्यांनी तिला मिळालेलं ते पहिलं सबंध उत्तर.

आता आत्याचे कार्यक्रम थांबलेत. गुडघे उभं राहू देत नाहीत. मी रविवारी बिबवेवाडीला जातो तेव्हा दोघं गॅलरीत बसलेली असतात. आतोबांचं बोलणं तुटक असतं, मला निम्मं कळत नाही, म्हणून आत्या मला ते पुन्हा म्हणून दाखवते, आणि श्रोता मी एकटा असलो तरी आधी "मागच्या खुर्च्यांसाठी सांगते" असतंच. गेल्या खेपेला मी निघायला उठलो. आत्या चहाच्या कपबशा उचलत होती, आणि आतोबा तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाले, हळू, बऱ्यापैकी लांबलचक. मला एक शब्द लागला नाही. मी सवयीने आत्याकडे पाहिलं. ती कपबशा हातात धरून तशीच उभी होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" आत्या म्हणाली. "ते पुढच्या खुर्चीसाठी होतं."