गणपती वाढला तर

गणपतीची भीती वाटते, हे मी तेव्हा कोणाला सांगू शकले नाही. ऐकणारा हसलाच असता. वाघाची वाटेल, भुताची वाटेल, पण गणपतीची? ज्याच्यापुढे चिल्लीपिल्ली मोदकासाठी भांडतात, त्याची कसली आलीय भीती! पण मला वाटायची. एका छोट्या खोलीत, पोटात मूल घेऊन, दुपारभर त्याच्यासमोर एकटीने बसून पाहा म्हणजे कळेल.

मी मढची. आमचं घर कॅथलिक. घरात बोलायचो मराठीच, ताटात बोंबीलच, पण देव वेगळा. अंधेरीला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात होते, तिथेच एका मालवणी मुलाशी जमलं आणि आम्ही रजिस्टर लग्न केलं. पपा आले नाहीत. लग्नाआधी एवढंच म्हणाले, "त्यांच्या मूर्तीपुढे वाकलीस, तर हे दार तुला बंद." लहानपणी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर सांगायच्या की मूर्ती बोलत नाही, पण तिच्यामागून कोणीतरी ऐकत असतं. ते वाक्य मी विसरले असं मला वाटत होतं. ते माझ्याबरोबर घाटकोपरला आलं.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. सासऱ्यांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, ते कांजूरमार्गला एका कंपनीत वॉचमन झाले होते. सासू दुपारची शिवणाच्या कारखान्यात कपड्यांचे दोरे कापायला जायची. माणसं वाईट नव्हती. छळ सोडाच, मला कोणी मोठ्याने बोललंही नाही. पण कोणी काही सांगायचंही नाही. हे असं का, म्हणून नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "असतं गं तसं." हिंदू धर्माशी माझी पहिली ओळख झाली ती या तीन शब्दांतून. चप्पल उलटी पडली की सरळ का करायची? असतं तसं. तिन्हीसांजेला केर का काढायचा नाही? असतं तसं. लहानपणापासून बघत आलेल्याला ते पुरतं. माझ्यासारखीला पुरत नाही, पण पुन्हापुन्हा विचारलं की आपण बाहेरच्या आहोत हे पुन्हापुन्हा दिसतं. म्हणून मी विचारणं सोडलं आणि नुसती बघायला लागले.

चतुर्थीला घरात दीड दिवसाचा गणपती आला तेव्हा मला चौथा महिना होता. उलट्यांमुळे नोकरी सुटलेली. सासऱ्यांनी डोक्यावरून मूर्ती आणली, आईंनी, म्हणजे सासूने, त्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि मूर्तीच्या तोंडावरचा रुमाल काढला. डोळे थेट माझ्यावर. बाकीच्यांना ते प्रसन्न दिसले, मला ते ओळखल्यासारखे दिसले. ही कोण, कुठली, हे सगळं ठाऊक असल्यासारखे.

त्याच दिवशी माझी पहिली फजिती झाली. आरती आटपल्यावर सासरे म्हणाले, "चला, नारळ वाढवूचो हा." मी नवी सून, पुढेपुढे करायची हौस. वाढायचंय म्हणजे ताटात, असं समजून मी अख्खा नारळ एका ताटलीत ठेवला आणि त्यांच्यापुढे नेऊन वाढला. सगळी खोली हसली. नवऱ्याने तो उचलून बाहेर उंबऱ्यापाशी नेला आणि फोडला. मला वाटलं, सोलून-खवून द्यायच्या आधीच वाढला म्हणून हसले. कोणी समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चाळीतले दीड दिवसाचे गणपती निघाले. ताशे वाजले, पोरं ओरडली. आमचा मात्र पाटावरच. आई आणि बाबा स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी हळू आवाजात काहीतरी बोलले, एकदा दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि बाबा बाहेर येऊन म्हणाले, "यंदा गणपती ऱ्हवतलो."

राहणार म्हणजे किती दिवस, ते नाही. का, ते नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "असतं गं तसं."

माझं मन काय म्हणालं ते सांगते. मला वाटलं, हा माझ्यासाठी थांबलाय. घरात परकी बाई शिरलीय आणि हा तिचा निकाल लावल्याशिवाय जाणार नाही. आता लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा एकदम सरळ हिशेब वाटला होता.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. सगळे कामाला गेले की मी आणि तो. मूर्ती एका पेटीवरच्या पाटावर ठेवलेली, तिच्यावर भिंतीला लाकडी फळी, फळीवर डबे. मी समोरच्या भिंतीला पाठ टेकून तांदूळ निवडायची, लसूण सोलायची, पण त्याच्याकडे पाठ करायची नाही. पाणी घ्यायला जातानासुद्धा आडवी चालायची, खेकड्यासारखी. माझी रोझरी, जपाची माळ, शिवणाच्या डब्यात लपवलेली होती. ती काढायची, आणि त्याच्या डोळ्यांसमोर काढायचीही भीती म्हणून पदराखाली धरायची. इकडचा देव रागावेल म्हणून तिकडच्याला हाक मारायची, आणि तिकडचा विचारेल की तू त्या घरात करतेस काय, म्हणून तीही अर्ध्यावर सोडायची. पोटातलं मूल दोघांच्या मध्ये सापडलंय असं वाटून रडू यायचं.

आणि अशात मी ते ऐकलं. आई कामावरून आल्या होत्या आणि गॅलरीत शेजारच्या काकींशी बोलत होत्या. काकी म्हणाल्या, "मातीचो देव तो. इतके म्हयने ठेवतलंस, आणि वाढलो तर गो?"

आई चटकन म्हणाल्या, "वायट बोला नको. पोटुशी हा घरात."

मी आत भाकरी थापत होते. हात थांबला. वाढला तर? मूर्ती वाढते?

हसू नका. आमच्याकडे डोळ्यांतून पाणी गाळणाऱ्या मूर्तींच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या, आणि ऐकणारी मोठी माणसं मान डोलवायची. मग यांच्याकडे वाढणारी का नसावी? आणि वाढली तर ती वाईट गोष्ट आहे, विशेषतः पोटुशी बाईला, हे आईंच्या आवाजावरून स्पष्ट होतं. तो वाढणार, आणि माझ्या पोटातलं? दोघं एकाच घरात वाढू शकतात का? हा प्रश्न मी कोणाला विचारणार होते?

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. मुकुटाचं टोक आणि वरची फळी यांच्यामध्ये माझी चार बोटं बसायची. हात न लावता, लांबूनच एक डोळा मिटून मोजायची. पाऊस ओसरता ओसरता एका दुपारी पाहिलं तर तिथे तीनच बोटं बसत होती. मी खाली बसले ती उठलेच नाही, भात तसाच राहिला. ओल लागून फळी मधोमध वाकली होती, डब्यांचं ओझं होतं, हे नवऱ्याने दिवाळीच्या साफसफाईत पाहिलं आणि खाली एक लाकूड ठोकलं. मला त्याने काय दिलासा मिळणार? माझ्या लेखी तो वाढला होता आणि फळीला ढकलत होता.

थंडी पडली. मला आठवा लागला होता. एका दुपारी भांडी घासून आत आले तर पाटावर काहीतरी पडलेलं. जवळ गेले. उजवा हात, आशीर्वाद देणारा, मनगटाशी तुटून त्याच्याच पायांपाशी पडला होता. तुटल्या जागी आतली पांढरी माती दिसत होती.

मी स्पर्श केला नव्हता, जवळपाससुद्धा नव्हते, पण घरात दुसरं कोण होतं? आणि पोटातलं सकाळपासून हललं होतं की नाही, ते मला आठवेना. मी पोटावर हात दाबून बसले आणि वाट पाहिली. हलेना. मी तिकडच्या देवाला हाक मारली नाही आणि इकडच्यालाही नाही. नुसतं "आई, आई" म्हणत राहिले, आणि त्यात कोणाची आई, तेही मला ठरवता येत नव्हतं.

सासू आली ती दारातच थांबली. माझं तोंड पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं. चप्पल काढली, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "हात वाढलो."

माझा इतक्या महिन्यांचा बांध तिथे फुटला. मी ओरडले, "कुठे वाढलाय? मोडलाय तो! मोडलाय!"

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. दोऱ्यांचा, मशीनच्या तेलाचा वास त्या हाताला येत होता. "मोडलो म्हणा नको गो. वाढलो म्हणतत." आणि मग, माझ्याकडे बघत, जणू तिला पहिल्यांदाच कळत होतं की मला काहीच ठाऊक नाही, ती म्हणाली, "बांगडी वाढता, नारळ वाढवतत. देवाचा, सवाशिणीचा काय मोडला असा तोंडान बोलू नये."

म्हणजे काकी त्या दिवशी एवढंच म्हणत होत्या की मोडला तर? मी सगळा वेळ भलत्याच गोष्टीला घाबरले होते. आणि ज्याला घाबरायला हवं होतं ते आता पाटावर पडलं होतं.

"पण ठेवला का मग?" मी रडतरडत विचारलं. "सगळ्यांचे गेले. माझ्यामुळे ना?"

"तुझ्यामुळेच," ती म्हणाली. "घरात पोटुशी असताना देवाक घराभायर काढूचो नसता. एकाची वाट बघतंव, तेव्हा दुसऱ्याक जा म्हणून कसा सांगूचा?"

माझ्यासाठीच थांबला होता तर. तेवढं माझं बरोबर होतं.

मग तिने पडलेला हात उचलायला आपला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दुखावलेली मूर्ती घरात ठेवायची नसते, ती पाण्यात सोडायची असते. आणि पोटुशी घरात असताना सोडायची नसते. दोन्ही बाजूंनी वाट बंद. हे तिने मला तुटक तुटक सांगितलं, आणि बाबांना विचारावं तर ते रात्रपाळी करूनच येणार होते. आजवर मला वाटत होतं की या घरात घाबरणारी मी एकटीच आहे. त्या दुपारी कळलं, ती माझ्याहून जास्त घाबरली होती. फरक इतकाच की तिला सगळं ठाऊक होतं.

ती एकाएकी म्हणाली, "तुमच्यात काय करतत?"

या घरात आल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी डोळे पुसले. आमच्या चर्चमध्ये संत जोसेफची बोटं एकदा साफसफाईत तुटली होती. मी सांगितलं, "चिकटवतात. आमच्या सुताराने चिकटवली होती. पुढच्या रविवारी सगळे त्याच्याचपुढे गुडघे टेकून बसले."

"काय झाला नाय?"

"काही नाही झालं."

तिने पदर खोचला. मग स्टोव्ह पेटवला आणि मैद्याची खळ शिजवली. खळ तुटल्या जागी लावली, हात बसवला, आणि मला म्हणाली, "ये. तू धर. सुकासर धरून ऱ्हव."

"मी?"

"मगे कोण? तुझ्यासाठी थांबलो तो."

मी त्याला कधी स्पर्श केला नव्हता. पेटी बुटकी, माझं पोट मोठं; गुडघे टेकून पुढे वाकल्याशिवाय हात पोचेना. वाकले. पपांची अट तिथे मोडली, आणि ती खरोखर मोडलीच, वाढली नाही. माती थंड होती. मी त्याचं मनगट धरून बसले, आणि आई माझ्या पाठीला हात लावून बसल्या. मध्येच पोटातलं हललं. मला अजून भीती वाटत होती. पण आता ती त्याची नव्हती, त्याच्या हाताची होती.

माघात मी बाळंत झाले. आई हॉस्पिटलात आल्या, नर्सने गुंडाळलेलं बाळ त्यांच्या हातात दिलं. मुलगा की मुलगी हे त्यांनी विचारलं नाही, तोंडही पाहिलं नाही. आधी फडकं सोडलं, उजवा हात बाहेर काढला, मनगट दोन बोटांत धरून हलवून पाहिलं, आणि मगच त्या रडल्या.

गणपती नंतर पवईच्या तळ्यात गेला. मी मूल मांडीवर घेऊन दारात बसले होते. हात शेवटपर्यंत नीट होता.

काही महिन्यांनी बाळाला डोस द्यायला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "छान वाढलाय हो तुमचा मुलगा!"

"मोठा झालाय म्हणा!" आई आणि मी एकदम ओरडलो. माझा हात त्याच्या मनगटावर गेला होता, त्यांचाही.