जांभळ्या साडीची घडी

बहरीनला आल्यापासून साडी सुटली ती सुटलीच. ऑफिस, गाडी, घर, परत ऑफिस. पँट चढवली की निघालं. निऱ्या घालत बसायचं त्राण आहे कुणाला? मला साड्या आवडायच्या, हेसुद्धा मी विसरून गेले होते.

गेल्या हिवाळ्यात पँटची चेन बदलायला बाब अल बहरीनच्या बाजारात गेले, तर शेजारच्या दुकानात जांभळी, मोहरी रंगाच्या काठांची सुती साडी. हात लावला आणि सोडवेना. घेतली, फॉल लावला, ब्लाउज शिवला. मग ती कपाटात पडून राहिली.

कारण आमच्याकडे नवी साडी आधी आपण नेसत नाही. जवळच्या बाईनं नेसून घडी मोडायची, मग आपण. माझ्या एकूण एक साडीची घडी आईनं मोडली. दिवसभर वावरून संध्याकाळी सोडून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी मी तीच, न धुता, नेसायची. आई गेल्यानंतरची ही पहिली साडी. मुलगी म्हणाली, "मम्मा, जस्ट वेअर इट." तिला काय समजावणार? समजावण्याचाही कंटाळा येतो माणसाला.

शेवटी माहूजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मैत्रिणीला घडी मोडायला दिली. ती वसईची, हॉस्पिटलात नर्स, माझ्याहून दमलेली. "शुक्रवारी चर्चला नेसते," म्हणाली; इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही त्याच दिवशी.

नंतर एकदा ड्युटीवरून ती तशीच वर आली. हातात प्लास्टिकची पिशवी. साडी लाँड्रीत धुऊन, कडक इस्त्री करून, अगदी दुकानातल्यासारखी घडी घालून आणलेली! दुसऱ्याची वस्तू मळवून कशी द्यायची, हा तिचा शहाणपणा. मी "कशाला गं एवढं" म्हणायला गेले आणि चक्क रडायलाच लागले.

"अगं, डाग राहिला का कुठे?"

"नाही गं. आई नेसलेलीच द्यायची. अंगावरची."

उभं राहवत नव्हतं बिचारीला. "आण इकडे," म्हणाली. युनिफॉर्मवरूनच साडी गुंडाळली, पदर खोचला आणि माझ्याच ओट्याशी चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. मग उठून तिनं साडी सोडली आणि तिचा बोळा माझ्या हातात दिला.

"खलास. आता नेस बाई, मला झोपायचंय."

साडीला घामाचा न् हॉस्पिटलचा वास येत होता, आणि ती अजून कोमट होती. मैत्रीण जिना उतरायच्या आत मी नेसायला घेतली.