दोन्हीकडं सुट्टीवर

“वहिनी, द्या की त्याला फोन. सुट्टी वाढवून घरी बसायचं होतं तर मला तरी सांगायचं.” ह्यांच्या युनिटातले दोस्त, तळेगावचे भाऊजी, फोनवर हसत हसत बोलत होते आन् माझ्या हातातलं दुधाचं पातेलं तसंच फरशीवर गेलं. मी म्हणलं, “कोण घरी बसलंय?” ते म्हणले, “कोण म्हंजी? तुमचा मालक. इथं युनिटात समदे सांगत्यात, तो सुट्टीवर हाय.”

घरात मी, सासूबाई आन् माझी पोरगी, तिघीच. हे तर मागल्या आठवड्यातच युनिटला गेलेले.

आमचे हे शिरूरला सरकारी हापिसात शिपाई, आन् टेरिटोरियल आर्मीत बी शिपाईच. हापिसातले चेष्टा करायचे, चहा दे न्हायतर गोळी घाल म्हणून. म्हंजी कसं, एरवी हापिसात जायाचं आन् आर्मीचं बोलावणं आलं की वर्दी घेऊन निघायचं, तेवढ्या दिवसाची हापीस पगारी सुट्टी देतंय. गल्लीतल्या बाया मला म्हणायच्या, “तुझं बरंय बाई, नवऱ्याला सुट्टीचा बी पगार.” मलाबी तोंडात तसंच बसलं, हे ड्युटीवर गेले तरी मी म्हणायची, ‘सुट्टीवर गेलेत’. समदेच म्हणायचे.

भाऊजींनी इचारलं, “मग सुट्टीवर हाय असं सांगितलं कुणी?” तवा माझ्या ध्यानात आलं. हे गेल्यावर दोन-तीन दिवसांनी एक फोन आलता, हिंदीतला. जाडा आवाज. म्हणला, घर पे है क्या? मी घाबरून म्हणलं, नही साहब, वो छुट्टी पे है. तो म्हणला, अच्छा, छुट्टी पे है, आन् ठेवला. मला वाटलं हापिसातलाच कुणीतरी नवीन साहेब आसंल. तो युनिटातला होता. हे पोचले न्हाईत म्हणून इचारत होता, आन् मीच सांगून बसले, त्यांनी तशीच नोंद केली.

तिथनं पुढं कुणी इचारलंच न्हाई.

ह्यांचा फोन बंद लागत होता, पण तिकडं गेल्यावर तो नेहमीच बंद आसतो. मी पोरगी काखेला मारली आन् हापिसात पळाले. तिथले मोठे क्लार्क, आप्पा म्हणत्यात त्यांना, ते म्हणले, “आगं, तो सुट्टीवर हाय, मिलिटरीच्या.” मी म्हणलं, “आप्पा, तिथं न्हाईत ते.” ते म्हणले, “तिथं न्हाईत म्हंजी तिथल्यांनी बघायचं. आमच्याकडं त्याची सुट्टी मंजूर, पगार चालू. तुझी तक्रार काय हाय पोरी?” मी तिथनंच यष्टी गाठली.

मग दौंडला, हे तिथनंच रेल्वेनं जायचे. न्हावऱ्यावरनं यष्टी जाते, पोरगी उलटी करत होती, मी खिडकीतनं नुसतं रस्त्याच्या कडंला बघत होते, कुठं वर्दीची बॅग दिसती का. टेशनावर पोलीस म्हणला, “गाडीत बसताना बघितलं का तुम्ही?” न्हाई बघितलं. मी सोडवायला आलते, पण पोरगी रडाया लागली तवा हे म्हणले, जा तू, यष्टी चुकंल. हे तिचा पाय धरून उगंच हलवत बसले होते बाकड्यावर. एवढंच. गाडी यायच्या आधी मी निघाले. पोलीस म्हणला, “फौजी हाय ना, मग युनिटकडनं येऊ द्या, ते बेपत्ता म्हणले की आम्ही बघतो.”

मी तिथनंच भाऊजींना फोन लावला. आता ते हसत नव्हते. हळू आवाजात म्हणले, “वहिनी, नीट ऐका. आज तो सुट्टीवर लागलाय तवर ठीक हाय. तुम्ही खरं सांगितलं की तो गैरहजर. मग भगोडा. नोकरीबी जाती आन् नावबी. थोडं थांबा, येईल.” घरी सासूबाईंनी पदरच धरला माझा. “गप ऱ्हा गं. माझ्या लेकाला पळपुटा नको करू गावात. रुसून कुठंतरी गेला आसंल, येईल.” सासूबाईंना वाटायचं हे रुसून गेलेत. मला वाटायचं हे कुठंतरी पडलेत. गप बसलं तर कुणी हुडकणार न्हाई, आन् बोललं तर गुन्हेगार म्हणून हुडकणार.

दोन दिवस मी गप बसले. पोरगीनं दारात उभं ऱ्हाऊन गाडीचा आवाज आला की बाबा म्हणायचं, आन् मी आत जायची.

तिसऱ्या दिवशी मीच युनिटात फोन लावला. त्याच जाड्या आवाजाला म्हणलं, साहब, वो घर पे नही, मेरा गलत हुआ, छुट्टी नही, वो आपके पासही निकला था. तो मग म्हणला, पहले क्यों झूठ बोला?

पोलीस आले. ह्यांचे कपडे, फोटो, कपाट, माळा, समदं उलटंपालटं केलं. मला इचारत होते, कुठं लपवलाय. हे कुठं पडलेत, आजारी हायेत का मेलेत, म्हणून त्यांनी कुठं बघितलंच न्हाई, माझ्या माहेरी जाऊन धान्याच्या कोठीत बघितलं. हापिसानं सुट्टी रद्द केली. सासूबाई माझ्याशी बोलत न्हाईत. आन् हे अजून कुठंच न्हाईत.

तुम्ही वाचताय, तुमचं शिक्षण माझ्यापरीस जास्त आसंल. तुम्ही माझ्या जागी आसता, तर गप बसला आसता का बोलला आसता?