चिंचेनं घासलेलं रिव्हॉल्व्हर

बेस्ट नावाच्या डच गावात मुलाकडे राहायला आले तेव्हा शेजारच्या डच काकांना नुसतं हसून दाखवायचीही मला भीती वाटायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यात इथली भाषा येत नाही. पण काकांची नजर अधू झाली आणि मुलानं परस्पर सांगून टाकलं, "आई येईल दर बुधवारी धूळ पुसायला." या गावात माझ्यासाठी उघडलेलं ते एकच दार.

काका जुनी अमेरिकन रिव्हॉल्व्हरं जमवतात. तीही एकाच तऱ्हेची. आधी त्यांत दारू आणि शिशाची गोळी ठासत; पुढे धातूची काडतुसं निघाल्यावर कारागिरांनी गोळ्यांच्या फिरत्या चक्राची मागची बाजू कापून ती रिव्हॉल्व्हरं काडतुसांजोगी केली. आता काडतूस घरात एकही नाही. प्रत्येकाचं कार्ड मात्र आहे: मूळचं काय, बदललं काय.

त्या बुधवारी खंडेनवमी होती. काका दवाखान्यात गेलेले. घरात इतकी शस्त्रं आणि पूजा नाही, हे मला बघवेना. एकाच्या चापाभोवतीची पितळी कडी काळीठिक्कर पडली होती. मी घरून चिंच-मीठ आणलं, कडी देवाच्या तांब्यासारखी लखलखीत केली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

काका आले. भिंगातून कडी पाहिली, पुन्हा पाहिली आणि खुर्चीत बसले. मी चप्पल घालून निघून आले.

घरी ऐकून मुलानं कपाळाला हात लावला. "अगं आई, तो काळेपणा म्हणजेच त्याचं वय! दीडशे वर्षं तू दहा मिनिटांत घासून टाकलीस."

"परत चढेल का रे?"

"चढेल की. अजून दीडशे वर्षांनी."

पुढच्या बुधवारी मी गेलेच नाही. कुठल्या तोंडानं जाणार? दहा वाजता बेल वाजली. दारात काका. "मेफ्राव, कॉफी गार होतेय." बाईंना मेफ्राव म्हणतात; इतकं डच मला कळलं. मुलगा घरूनच काम करत होता, त्यालाही ओढून नेलं.

टेबलावर ते रिव्हॉल्व्हर, शेजारी त्याचं कार्ड. कशानं घासलं, का घासलं, काकांनी सगळं विचारून घेतलं. मी खाली मान घालून सांगत होते, मुलगा त्यांना समजावत होता.

काका हसायला लागले. "म्हणजे हे दोनदा बदललं. एकदा अमेरिकेत, एकदा माझ्या जेवणाच्या टेबलावर." मग पेन माझ्यापुढे धरलं. बदल लपवायचा नसतो, म्हणाले, लिहायचा असतो.

मी लिहिलं, "खंडेनवमीला चिंचेनं घासलं." त्याखाली काकांनी तेच डचमध्ये लिहिलं.

मग तेलाची बाटली, मऊ फडकं आणि उरलेली रिव्हॉल्व्हरं टेबलावर आली. "फक्त तेल," काका म्हणाले.

"चिंच?" मी विचारलं.

"नेय, नेय!" म्हणत त्यांनी उरलेली रिव्हॉल्व्हरं दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढली, आणि एकेक करून माझ्यापुढे सरकवली.