घासलेली जागा

माळ्यावरचा जुना व्हीसीआर दुरुस्त करून आणला, तर त्याच्या पोटात एक कॅसेट निघाली. सत्तरच्या दशकातला, स्वस्तात उरकलेला मारधाडीचा सिनेमा. रक्त टोमॅटो सॉससारखं, आणि एकच जीप दोनदा दरीत कोसळते. बाबा असले सिनेमे चवीनं बघायचे.

मध्येच चित्र विस्कटलं. पांढऱ्या रेघा, नुसती खरखर. एकच जागा पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहिली की टेप तिथंच घासते. मला हसू आलं. असल्या सिनेमात नायिकेचे कपडे कुठे ना कुठे फाटतातच.

"बाबांचा लाडका सीन दिसतोय," मी आईला म्हणाले.

आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचा नाही गं, माझा. तुम्ही सगळे बाहेर पडलात की मी लावायचे."

"असं काय आहे तिथं?"

"ती बाई बॅग उचलते आणि घरातून निघून जाते."

मी टेप मागे घेतली. बाई कडीला हात लावते आणि रेघा उसळतात. चित्र निवळतं तेव्हा दार सताड उघडं, खोली रिकामी.

टेप झिजेपर्यंत आई त्या दारातून किती वेळा निघाली असेल? आणि आमची शाळा सुटायच्या आत किती वेळा परत आली असेल?

आई शेंगा सोलतच होती. मला मात्र तेव्हापासून स्वस्थता नाही. ती स्वयंपाकघरात दिसली नाही, की मी आधी दाराची कडी बघते.